हात धुतलेलं पाणी

हुपरीच्या एका गल्लीत पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. साल दोन हजार सहा, वैशाखातला दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊचा सुमार. तिच्या उंबऱ्यावरून कामाचा डबा उचलून नेला, तो पुन्हा तिच्या दारात आला नाही. नेणारे हात दुसऱ्याचे होते. पण ज्या कागदाच्या जोरावर नेला, तो कागद मी लिहिला होता.

पत्रक असंच सुरू करायचं, असं मला शिकवलेलं आहे. अन्याय कुणावर आणि केव्हा, ते पहिल्या ओळीत. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण बसायचो. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनला रॉकेल नाही, पत्रक. कागद रंगीत, मजकूर एकाच बाजूला. वाचणारा रस्त्यात उभ्या उभ्या वाचतो, तेव्हा शंका लिहायची नाही, हा दुसरा नियम. मी तो फार मन लावून पाळायचो.

माझी थोरली बहीण हुपरीत दिलेली. मी तिला आक्का म्हणतो. दाजींचं घर चांदीच्या कामातलं. पुढच्या खोलीत तार ओढायची, मागच्या खोलीत चूल. त्या उन्हाळ्यात आक्काचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला, "ताप आलाय, उठवंना झालंय, येऊन जा." मी हुपरीची गाडी धरली.

ताप म्हणजे कसला. तीन दिवसांत उतरायचा, पण उतरताना सांधे धरून ठेवायचा. आक्का भिंतीला धरून मोरीपर्यंत जात होती. दाजी तेव्हा धडधाकट होते, नंतर आठवडाभरात त्यांनाही आला आणि त्यांच्या हातात चिमटा राहीना. गल्लीत बायका कमरेत वाकून चालायला लागल्या. कुणी म्हणे बाधा, कुणी म्हणे उन्हाचं, कुणी म्हणे कोंबड्यांचं. डॉक्टर सुई टोचून पाठवत होते. त्या आजाराचं लांबलचक नाव पेपरात यायला अजून वेळ होता. नाव नसलेल्या आजाराला माणसं आधी गुन्हेगार शोधतात. हे मला आज कळतं. तेव्हा मी स्वतः शोधायला निघालो होतो, आणि त्याला मी अभ्यास म्हणत होतो.

इथं त्या गल्लीतलं काम कसं चालतं ते सांगायला हवं. पैंजण एका घरात होत नाही. एक घर तार ओढतं, दुसरं कड्या जोडतं, तिसरं घुंगरू लावतं, चौथं झाळून, म्हणजे डाग देऊन, पक्कं करतं. अर्धवट काम पत्र्याच्या डब्यात घालून या दारातून त्या दारात जातं. आमच्या गल्लीत, म्हणजे आक्काच्या, ते डबे फिरवायच्या एक वयस्कर बाई. सगळे त्यांना मामी म्हणायचे. कुठल्या घरी डबा द्यायचा, कुठल्या नाही, ते मामींच्या हातात.

मी जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूला गल्लीचा नकाशा काढला. घर म्हणजे चौकोन. ताप आला त्या घरावर फुली. मग दारोदार जाऊन विचारलं, ताप कधी आला, पाणी कुठलं पिता, पाणी साठवता का. पाण्याचं मी मुद्दाम विचारलं, कारण आमच्या खोलीतली सगळी भांडणं पाण्यावरूनच व्हायची. उत्तर सगळीकडं एकच. "पिण्याचं हंड्यात, झाकून. वापरायचं बॅरलला, त्येबी झाकून. रोज पाणी येतंय, साठवायचं कशाला?" मी जाऊन पाहिलं. झाकलेलंच होतं. पाणी नकाशावरून खोडलं.

उरला डबा. आणि डबा लावून बघितल्यावर नकाशा बोलायला लागला. फुल्या जिथं जिथं होत्या, तिथं तिथं डबा जात होता. गल्लीच्या टोकाला एक किराणा दुकानदार आणि एक शाळेतले शिपाई राहत. त्यांच्याकडं चांदीचं काम नव्हतं, आणि त्यांच्याकडं तापही नव्हता. मी नकाशाखाली लिहून टाकलं. ताप डब्यातून फिरतोय.

आता पहिली फुली. तीही सापडली. कड्या जोडणारी ती बाई, गल्ली तिला वैनी म्हणायची. माहेर सीमेपलीकडं, घरात कन्नड, दारात मराठी. भावाच्या लग्नाला गेलेली, आली ती ताप घेऊनच आली. गल्लीत तिच्याआधी कुणाला ताप नव्हता. तिच्या घरून डबा घुंगराच्या घरी, तिथून झाळकामाला. माझी बाणाची रेघ सरळ निघाली.

एक गोष्ट बसत नव्हती. वैनीला ताप येऊन गेल्यावर जवळजवळ दोन आठवडे गल्लीत कुणीच पडलं नव्हतं. मग एकाच आठवड्यात एकदम तीन घरं. डबा तर रोज फिरत होता. हाताला लागून ताप येत असता, तर मधले ते दिवस रिकामे का गेले? मी त्या रिकाम्या दिवसांकडं बघितलं, आणि पत्रकात मावणार नाही म्हणून सोडून दिलं. त्या दोन आठवड्यांत काय घडत होतं, ते नंतर कळलं. तेव्हा आक्काने मात्र आणखी एक न बसणारी गोष्ट विचारली होती.

"मग म्या कशी पडली रं? आमचं घर तर पयलं. तार आमच्यातनं जाती, डबा आमच्यात माघारी येत न्हाय."

"मामी येतात की बसायला."

"मामीला कुठं ताप हाय?"

"अंगात असेल, दिसत नसेल."

आक्का म्हणाली, "तुझं आपलं बरं हाय. न्हाय दिसलं तरी हाय." आणि कूस बदलून निजली. मी ते हसण्यावारी नेलं.

पत्रक मी परतीच्या गाडीतच लिहिलं. 'ताप डब्यातून फिरतो आहे. पहिला ताप आला त्या घरचं काम हाती घेऊ नका.' बाईचं नाव लिहिलं नाही. मला वाटलं, केवढा मी विचारी. सीमेपलीकडून आलेला ताप, असं मात्र लिहिलं. गल्लीत सीमेपलीकडचं घर एकच होतं. गुलाबी कागद, पेठेतल्या छापखान्यात सोमवारी छापला, मंगळवारी पहिल्या गाडीने घेऊन गेलो. तास-दीड तासात गल्लीभर वाटून झाला. आणि मग मामी वैनीच्या दारात गेल्या. मी चार पावलांवर उभा होतो.

"वैनी, डबा दे गं."

"दोन जोड ऱ्हायल्यात मामी. दुपारपातूर देते."

"ऱ्हाऊ देत. हाय तसा दे."

"का वो?"

मामींनी गुलाबी कागद पुढं केला. तिची शाळा कन्नडमधली, मराठी वाचायला वेळ लागायचा. ती बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. मीच लिहिलेल्या बारा-पंधरा ओळी तेवढ्या लांब मला कधी वाटल्या नव्हत्या.

"कुणी लिवलंय हे?"

मामींनी माझ्याकडं मान हलवली. "आक्काचा भाऊ. कोल्हापूरचा. शिकल्याला हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागाने नाही, ओळख पटवल्यासारखं.

"पावणं, तुम्ही माझ्या घरात कवा आलतासा?"

मी गेलोच नव्हतो. सगळ्या गल्लीत दारोदार फिरलो, तिच्याबद्दल प्रत्येक दारात विचारलं, आणि तिचं दार तेवढं सोडलं. का, तर आजारी घर. मी काहीतरी बोललो, कुणावर वैयक्तिक रोख नाही वगैरे. आमच्या सभांमधलं वाक्य. तिनं आत जाऊन डबा आणला, उंबऱ्यावर ठेवला. मामींनी पदराने धरून उचलला.

ताप थांबला नाही. वैनीचं दार बंद, डबा दुसऱ्या वाटेनं फिरायला लागला, तरी नव्या फुल्या पडत होत्या. ज्या घरांनी तिच्या हातचं काम कधी घेतलं नव्हतं तिथंही. आणि मी काय केलं, तर प्रत्येक फुलीला एक कारण शोधलं. कुणी तरी चोरून डबा घेतला असणार. कुणी तरी तिच्या मुलीशी बोललं असणार. एकदा मनात बसलेली गोष्ट खोटी पडायला लागली, की माणूस ती सोडत नाही, आणखी माणसांवर संशय घेतो. मी घेतला. दाजींना ताप आला तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही तिकडं गेलता का?" अंगात ताप असलेला माणूस, त्यांनी मला फक्त हाताने जा म्हणून खूण केली.

नंतर एक दिवस आरोग्य खात्याच्या एक बाई आल्या. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि एक पांढरी वाटी. दुपारचं टळटळीत ऊन आणि या बॅटरी घेऊन फिरतायत, म्हणून पोरं मागं लागलेली. आक्काच्या घरात आल्या, हंडा बघितला, बॅरल बघितलं.

"आणि कुठं पाणी?"

"एवढंच की," आक्का म्हणाली.

सिस्टर पुढच्या खोलीत गेल्या. तार ओढायच्या पाटाखाली काळा टप होता, पसरट, निम्मा भरलेला. त्यांनी वाकून बॅटरी मारली.

"हे काय मग?"

"त्ये व्हय," आक्का म्हणाली, "त्ये पाणी न्हवं. ती चांदी हाय."

मी तिथंच होतो. त्या टपात मीसुद्धा हात धुतलेले होते.

चांदीचं काम करून उठताना हात मोरीत धुवायचे नाहीत, हा तिथला नेम. बोटांना, नखांत चांदीची बारीक पूड चिकटलेली असते. म्हणून सगळ्यांनी एकाच टपात हात बुडवायचे. पूड तळाला बसते, पाणी आटलं की वरून तांब्या ओतायचा. ओतून टाकायचं कधीच नाही. वर्षातून एक-दोनदा गाळ विकत घेणारा येतो, तेव्हाच टप रिकामा होतो. दारात तर सोडाच, अंगणातही तो उपडा करणं म्हणजे लक्ष्मी लोटणं. प्रत्येक कामाच्या घरात असा टप, कुठं पाटाखाली, कुठं जिन्याखाली. मी दारोदार विचारलं होतं, पाणी साठवता का, आणि सगळ्यांनी खरं सांगितलं होतं. त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी ज्याला डब्याची वाट म्हणत होतो, ती टपांची रांग होती. किराणावाल्याच्या घरात टप नव्हता.

सिस्टरनी वाटीत पाणी घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. पांढऱ्या वाटीत स्वल्पविरामासारखं काहीतरी वळवळत होतं.

"आठ-दहा दिवसांत ह्याचे डास होतात. दिवसा चावतात. तुम्ही मांडी घालून कामाला बसता, पायाजवळच टप. आजारी माणसाला चावला की लगेच दुसऱ्याला देत नाही, डासाच्या पोटात ताप पिकायला दिवस लागतात. मग देतो."

माझे रिकामे दोन आठवडे. नकाशावर सगळ्यात खरं बोलत होते ते तेच, आणि मी तेच सोडून दिले होते.

मी म्हटलं, "पण ताप आणला तर वैनींनीच ना?"

"आणला असेल. नसेलही. सीमेवरून रोज किती गाड्या येतात बघा की. आणि समजा आणला, तर त्याचं करायचं काय? ते घर कुठलं, चला बघू."

मला जावं लागलं. अशा रीतीने मी पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याच्या आत गेलो. तिचा टप भिंतीला उपडा टेकवलेला. कोरडा. सिस्टरनी विचारलं, पाणी कधी काढलं.

"काम गेलं तवाच. काम न्हाय तर हात कशाचं धुयाचं?"

"चांदी?"

तिनं फळीवरून कागदाची पुडी काढून दाखवली. पाणी दोन दिवस हलवलं नाही, वरचं दुपदरी फडक्यातून गाळून ओतलं, फडकं आणि तळचा गाळ उन्हात वाळवला, ब्रशने झाडून पुडीत भरला. घरात नवरा, सासू आणि मुलगी. तिच्यानंतर तिघांपैकी एकालाही ताप आला नव्हता.

मी लगेच म्हणालो, हा पुरावा आहे. नवं पत्रक डोक्यात तयार होत होतं. सिस्टर म्हणाल्या, "एका घरावरून पुरावा होत नाही. शेजारचा डास इकडं उडून येतोच की. तुम्हाला फार घाई असते बघा." पण त्यांनी तिलाच विचारलं, "हे गल्लीला दाखवाल का?"

वैनीनं पुडी परत फळीवर ठेवली. मग म्हणाली, "दाखवते. पर माझ्या घरात येऊन बघू देत. मी कुणाच्या दारात जाणार न्हाय."

आल्या. सगळ्या नाही, पण आल्या. दाजी गुडघ्यावर हात ठेवत आले आणि पहिलाच प्रश्न, "चांदी जाईल की पाण्यासंगं." तिनं फडकं पिळून पाणी परातीत पाडलं आणि परात उन्हात धरून दाखवली. "बघा, चकाकतंय का काय." दाजींनी बोट घालून बघितलं. मामी दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, पण बघून गेल्या. त्या आठवड्यापासून गल्लीत दर सोमवारी टप गाळायला लागले. ताप कमी झाला. टपांमुळंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही. निम्मी गल्ली तोवर आजारून उठली होती, आणि एकदा उठलेल्याला हा ताप सहसा पुन्हा धरत नाही असं सिस्टर म्हणाल्या. एवढी शंका लिहायला मी आता शिकलोय.

मी दुसरं पत्रक काढलं. पिवळं. टप, अळ्या, फडकं, सोमवार. तालमीमागच्या खोलीत मी म्हणालो होतो, पहिलं पत्रक चुकीचं होतं ही ओळ त्यात टाकूया. आमच्यातला सर्वांत जुना कार्यकर्ता म्हणाला, "खुळा हाईस काय? चुकलो म्हणून लिहिलास तर उद्या रेशनचं पत्रक कोण वाचंल? काम झालं न्हवं, मग?" मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पिवळा कागद घेऊन गेलो, वैनीच्या दारात पहिला दिला. तिनं परत बोट ठेवून वाचला. खालपर्यंत. उलटून कोरी बाजूही बघितली.

"ह्यात मी कुठं हाय?"

"तुमचीच पद्धत लिहिली आहे की."

"पद्धत न्हवं. गुलाबीत माझं दार व्हतं. ह्यात न्हाय."

मी म्हणालो, लोकांना कळतं, हळूहळू सगळं ठीक होईल. ती म्हणाली, "लोकांना कागदावरनं कळालं व्हतं, पावणं. तोंडी न्हाय."

तिचं बरोबर होतं. गुलाबी कागद काही घरांत आरशामागं खोचलेला मी स्वतः बघितला. पिवळा त्याच्या शेजारी खोचलेला. दोन्ही खरे. टप गाळायचा आणि वैनीचं काम घ्यायचं नाही. तिनं शिकवलेली रीत गल्लीने ठेवून घेतली आणि डबा दुसऱ्या बाईकडं गेला. मी मामींना दोनदा जाऊन सांगितलं. "बघू की पुढल्या म्हैन्यात," म्हणाल्या. "म्या देतो रं, पर पुढचं घर घेत न्हाय तिच्या हातचं. आता सवय झाली." वर्षभराने ती इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायला लागली. अजून जाते. सकाळच्या गाडीत आक्काला दिसते. कड्या जोडण्यात तिचा हात गल्लीत सगळ्यात बारीक होता, हे आक्का अजून सांगते, आणि सांगताना माझ्याकडं बघत नाही.

हे सगळं आज काढायचं कारण, पुन्हा नवा ताप आलाय. पुण्याकडून येतोय म्हणतात. रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसंसुद्धा नाकाला रुमाल बांधून आहेत. हा ताप डासाचा नाही, खोकल्यातून पसरतो, टप गाळून थांबायचा नाही. पण पेठेत प्रश्न तोच ऐकू येतो. पुण्याहून कोण आलंय? कुणाचा पोरगा आलाय? परवा एका घरासमोरून जाताना बायका रस्त्याची बाजू बदलताना बघितल्या. आणि तालमीमागच्या खोलीतून मला निरोप आला, तुला तापाचा अनुभव आहे, एक पत्रक लिही, आजच पाहिजे.

त्यांना दिलं ते हे. एका बाजूत मावत नाही, रंगीत कागदावर शोभत नाही, त्यांनी छापलं नाही. म्हणून इथं लिहितोय. आणि पिवळ्यात न टाकलेल्या त्या ओळीला तीन वर्षं उशीर झालाय, ती आधी लिहितो. गुलाबी पत्रक खोटं होतं. ताप डब्यातून फिरत नव्हता. वैनीच्या हातचं काम थांबवायला काहीही कारण नव्हतं, आणि आजही नाही.

आता तुमच्याकडं मागणी. तुमच्या दारात कुणीतरी कागद घेऊन येईल, ताप कुठल्या घरातून आला ते छापलेला. कागद हातात घेऊ नका. आणणाऱ्याला उंबऱ्यावरच थांबवा, तो मी असलो तरी. विचारा, त्या घरात तू कधी गेला होतास? गेला नसेल तर त्याला घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, आधी तिकडं जा. दारात उभे राहून हाक मारा, काय हवं-नको ते विचारा. आणि त्यांचं काम चालू ठेवा.